डोळ्यांवर बांधायचे यंत्र : मावळातल्या धंद्यांना कोणता हेडसेट हवा?

मळवली हे पुणे-लोणावळा लोहमार्गावरचे लहानसे स्थानक. एका अंगाला कार्ल्याचा डोंगर, दुसऱ्या अंगाला भाज्याची लेणी आणि त्यांच्या मागे लोहगड-विसापूरची जोडी. पावसाळ्यात इथे उतरणाऱ्या हजारोंपैकी थोड्यांनाच ठाऊक असते, की एकेकाळी देशभरच्या घरांतल्या भिंतींवरचे देव याच गावातून छापून बाहेर पडत. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला आणि शतक संपता संपता मळवलीला आला. दगडावर चित्र उतरवायचे, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरायचा आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग नेमके बसवत जायचे, असे ते किचकट तंत्र होते. फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे पुढे छापखान्याची मालकीच गेली. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केले आणि लोणावळ्यात स्वतःचा छपाईचा व्यवसाय मांडला.

याच लोहमार्गावर घाटाखाली कल्याण आहे. तिथे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९०च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. हाताने रंगवलेल्या काचा दिव्यासमोर सरकवून पडद्यावर हलती चित्रे दाखवायची, तीही सिनेमा येण्याच्या आधी. मूळ वस्तूपर्यंत ज्याला जाता येत नाही त्याच्यापर्यंत तिचे चित्र न्यायचे, हा धंदा आपल्या या पट्ट्यात असा सव्वाशे वर्षांचा जुना आहे.

त्याच धंद्याचे आजचे यंत्र म्हणजे आभासी वास्तवाचा, बोलीत व्हीआरचा, हेडसेट. कार्ल्याच्या पायथ्याशी निवास चालवणारा, तळेगाव-चाकणच्या पट्ट्यातला कारखानदार आणि पवना धरणाच्या परिसरात बंगले विकणारा विकासक या तिघांपुढेही हा खर्च येऊन ठेपला आहे. जुलै २०२५मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यात लोहगड आहे. त्यामुळे ‘गड घरबसल्या दाखवतो’ म्हणणारे विक्रेते मावळात वाढतील, हे सांगायला ज्योतिषी नको. तिघेही एकच प्रश्न विचारतात : कोणता हेडसेट चांगला? या लेखाचे म्हणणे असे, की या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण तिघांची कामे वेगळी आहेत. आणि यंत्रावर जेवढा विचार होतो त्याच्या निम्माही त्यात दाखवायच्या मालावर होत नाही, हे नुकसानीचे खरे मूळ आहे.

दोन डोळे, दोन चित्रे

यंत्र निवडण्यापूर्वी ते काय करते ते पाहू. आपले दोन डोळे साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतरावर आहेत. त्यामुळे समोरची वस्तू दोघांना किंचित वेगळी दिसते आणि त्या फरकातून मेंदू खोली ताडतो. इंग्लंडमधल्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८मध्ये हे दाखवून दिले. दोन डोळ्यांसमोर दोन वेगळी रेखाचित्रे आरशांच्या साहाय्याने धरली, तर सपाट कागदातून घनाकार उभा राहतो. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्यात भिंगे बसवली, अमेरिकेतल्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हातात धरायचे स्वस्त रूप दिले आणि स्टिरिओस्कोप दिवाणखान्यात पोचला. गोल चकती घालून खटका दाबायचा व्ह्यूमास्टर ज्यांनी लहानपणी पाहिला आहे, त्यांनी त्याचाच नातू हाताळला आहे.

आजच्या हेडसेटमध्ये हे सारे आहेच, पण एक भर आहे. तो आपल्या डोक्याची हालचाल मोजतो आणि त्याप्रमाणे चित्र बदलतो. मान वळवली की देखावा वळतो. या मोजणीच्या दोन पायऱ्या आहेत आणि खरेदीतला पहिला निर्णय इथेच होतो. पहिल्या पायरीवर यंत्राला फक्त मानेचे वळणे कळते : डावीकडे-उजवीकडे, वर-खाली आणि खांद्याकडे कलणे. दुसऱ्या पायरीवर माणसाचे जागा सोडणेही कळते : पुढे झुकणे, बाजूला सरकणे, खाली बसणे. पहिल्या प्रकाराला धंद्यात ‘थ्री-डॉफ’ म्हणतात, दुसऱ्याला ‘सिक्स-डॉफ’. तिपाईवर गोल कॅमेरा ठेवून चारी बाजूंचे चित्रण केले, तर ते पहिल्याच प्रकारचे असते. बघणारा खांबामागे डोकावायला गेला, तर खांबही त्याच्याबरोबर सरकतो.

हा सरकणारा खांब पोटात ढवळतो. डोळे सांगतात एक आणि कानातली तोल सांभाळणारी इंद्रिये सांगतात दुसरेच, तेव्हा घाटातल्या एसटीत होते तशी मळमळ होते. डोके हलल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ सुमारे वीस मिलिसेकंदांच्या आत असावा, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. शिवाय एक अडचण कोणत्याच प्रचलित हेडसेटने पुरती सोडवलेली नाही. जवळची वस्तू पाहताना आपले डोळे आत वळतात आणि डोळ्यातले भिंगही त्या अंतराला जुळते. हेडसेटमध्ये डोळे वळतात, पण पडद्याचे प्रकाशीय अंतर मात्र कायम एकच राहते. ही ओढाताण अर्ध्या तासाने कपाळात जाणवू लागते. म्हणून दीड-दोन तासांचा ‘आभासी गडदर्शन’ कार्यक्रम आखणाऱ्याने आधी स्वतः तो सलग बसून पाहावा.

पहिले काम : कार्ल्याचे चैत्यगृह, पायऱ्यांविना

कार्ल्याला वर जायला साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघ्यांनी साथ सोडलेली माणसे पायथ्यावरूनच एकवीरा देवीला हात जोडतात. त्यांना वरचे चैत्यगृह दाखवणे हे हेडसेटचे अगदी योग्य काम आहे. पण काय दाखवायचे? चैत्यगृह सुमारे ३८ मीटर खोल आहे. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत आणि स्तूपामागचे सात धरून एकूण सदतीस. वर कमानीला लाकडी फासळ्या आहेत, त्या सुमारे दोन हजार वर्षांच्या. लेणे पश्चिमाभिमुख असल्याने दुपार कलल्यावर पिंपळपानाकृती गवाक्षातून उजेड आत शिरतो. सकाळी केलेले चित्रण आणि संध्याकाळी केलेले चित्रण ही दोन वेगळी लेणी वाटावीत, इतका फरक पडतो. कोणता प्रहर दाखवायचा, हा प्रश्न कोणत्याही हेडसेटच्या माहितीपत्रकात नसतो.

खुर्चीत बसलेल्या आजींना सभागृहाच्या मध्यभागातून एकदा चौफेर पाहायचे असेल, तर गोल कॅमेऱ्याचे चित्रण पुरते. यंत्रही साधे चालते, आणि फिरती खुर्ची दिली की मळमळीचा धोका कमी होतो. पण चैत्यगृह हे मुळात प्रदक्षिणेसाठी कोरलेले आहे. खांबांच्या मागून, अंधाऱ्या बाजूने स्तूपाला वळसा घालण्याचा अनुभव द्यायचा, तर लेण्याची त्रिमित प्रतिकृती लागते. ती दोन प्रकारे होते : एकमेकांवर चढणारी शेकडो छायाचित्रे घेऊन संगणकाकडून आकार काढून घ्यायचा, किंवा लेझरने अंतरे मोजायची. दोन्हींना वेळ लागतो, दोन्हींना कसबी माणूस लागतो. लेणे संरक्षित स्मारक असल्याने अशा चित्रणापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी घ्यावी लागते. हा खर्च हेडसेटच्या खर्चापेक्षा मोठा असतो, आणि असायलाच हवा.

आता पडद्याची बारकाई. जाहिरातीत पडद्यावरच्या एकूण ठिपक्यांचा आकडा असतो. आपल्याला हवा असतो नजरेच्या एका अंशात किती ठिपके बसतात तो. निरोगी डोळा एका अंशात साधारण साठ ठिपके वेगळे ओळखतो. मेटा कंपनीच्या ‘क्वेस्ट ३’मध्ये हा आकडा सुमारे २५ आहे, तर त्याच्या स्वस्त भावंडात, ‘क्वेस्ट ३एस’मध्ये, सुमारे २०. याचा अर्थ हिशेबाने पाहू. खांबावरच्या लेखाचे अक्षर पाच सेंटिमीटर उंचीचे आहे आणि आपण तीन मीटरवर उभे आहोत असे समजा. ते अक्षर नजरेचा जवळजवळ एक अंश व्यापते. म्हणजे एका यंत्रात त्याला चोवीस ठिपके मिळतात, दुसऱ्यात एकोणीस. दोन्हींत ब्राह्मी अक्षर ओळखू येते. छताकडे, बारा मीटरवरच्या फासळीतली एक सेंटिमीटरची चीर मात्र एकात जेमतेम एक ठिपका व्यापते, दुसऱ्यात तेवढाही नाही. प्रत्यक्ष उभ्या माणसाच्या डोळ्याला तिच्यासाठी तीन ठिपक्यांइतकी जागा असते. तात्पर्य, पर्यटकाला लेणे दाखवायला दोन्ही चालतात आणि संवर्धकाला चीर तपासायला दोन्ही चालत नाहीत. त्या कामाला संगणकाला जोडलेले, महागडे, बारीक पडद्याचे यंत्र हवे. फिनलंडच्या व्हार्यो कंपनीची यंत्रे त्या वर्गातली. नाहीतर सरळ मोठ्या पडद्यावर मूळ छायाचित्र पाहावे.

दुसरे काम : कारखान्यातले शिक्षण

तळेगाव आणि चाकणचा पट्टा वाहन-उद्योगाचा. रंगकामाची बंदूक कशी धरायची, विजेचे पॅनेल उघडण्यापूर्वी कोणत्या क्रमाने बंद करून कुलूप लावायचे, फोर्कलिफ्ट अरुंद गल्लीतून कशी न्यायची, हे शिकवताना चूक झाली तर माल वाया जातो किंवा माणूस जखमी होतो. इथे हेडसेट खरोखर पैसे वाचवू शकतो, कारण आभासी पॅनेलला शंभरदा चुकीचा हात लावला तरी कोणी भाजत नाही.

या कामात गोल कॅमेऱ्याचे चित्रण निरुपयोगी. शिकणारा वाकणार, सरकणार, हात लावणार. म्हणून सिक्स-डॉफ यंत्र आणि हातात धरायचे कंट्रोलर हवेत. त्यानंतरचे प्रश्न पडद्याचे नसतातच. आजचे बहुतेक हेडसेट स्वतःवरच्या कॅमेऱ्यांनी खोली पाहून आपली जागा ठरवतात. ज्या कारखान्याच्या फाटकावर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली जाते, तिथे चार-पाच कॅमेऱ्यांचे हे यंत्र आत न्यायचे कसे? ही परवानगी खरेदीपूर्वी सुरक्षा विभागाकडून लेखी घ्यावी. दुसरा प्रश्न एकसारखेपणाचा. वीस हेडसेटांवर एकच धडा चढवणे, शिकणाऱ्याला दुसरे काही उघडू न देणे, इंटरनेट नसलेल्या शेडमध्ये यंत्र चालवणे, या सोयी घरगुती आवृत्तीत अपुऱ्या असतात. व्यवसायासाठीच्या आवृत्तीत त्या मिळतात आणि त्यांचे वेगळे पैसे पडतात. तिसरा प्रश्न बॅटरीचा. ‘क्वेस्ट ३’ची बॅटरी साधारण सव्वादोन तास टिकते. ती संपली की यंत्र चार्जिंगला लावायचे. एचटीसीच्या ‘व्हाइव्ह फोकस ३’मध्ये बॅटरी काढून दुसरी बसवता येते. ते जवळजवळ पाऊण किलोपेक्षा जड आहे, ‘क्वेस्ट ३’ अर्ध्या किलोच्या आसपास. पण फोकसची बॅटरी डोक्यामागे असल्याने वजन वाटले जाते. पाळीमागून पाळी शिकवणाऱ्याला हे जड यंत्रच सोयीचे ठरू शकते.

हेडसेट काय शिकवू शकत नाही, हेही मावळातच दिसते. लोणावळ्याजवळची आयएनएस शिवाजी ही नौदलाची तांत्रिक प्रशिक्षण संस्था १९४५पासून उभी आहे. जहाजाला भोक पडून पाणी आत येऊ लागले तर ते कसे थोपवायचे, हे शिकवण्यासाठी तिथे गोवा शिपयार्डने बांधलेला सिम्युलेटर आहे. जहाजाच्या खोल्यांसारख्या खोल्या असलेला तो सांगाडा हलतो आणि त्यात खरे पाणी शिरते. गार पाण्याचा जोर, पायाखालची डुलणारी जमीन आणि हातातल्या लाकडी पाचरीचे वजन डोळ्यांना फसवून मिळत नाही. वेल्डिंग शिकणाऱ्याला हेडसेटमध्ये हाताचा कोन आणि गती यांचा सराव होईल. धग आणि वितळत्या धातूची ओढ भट्टीपाशीच कळेल. ज्या कामात क्रम आणि नजर महत्त्वाची, तिथे हेडसेट उपयोगी. जिथे स्पर्श आणि वजन महत्त्वाचे, तिथे तो फार तर पूर्वतयारी.

तिसरे काम : न बांधलेले घर विकणे

बंगले आणि सदनिका विकणाऱ्याला हेडसेट पाच-दहा मिनिटेच लागतो. गिऱ्हाईक सहकुटुंब येते. सासूबाई, जावई, दहावीतला मुलगा सगळ्यांना पाळीपाळीने पाहायचे असते, आणि एकजण पाहत असताना बाकीच्यांना ते टीव्हीवर दिसायला हवे. इथे महाग यंत्र उलट अडचणीचे. ॲपलचा ‘व्हिजन प्रो’ पडद्याच्या बारकाईत उजवा आहे. पण त्याचा चेहऱ्याभोवतीचा पट्टा माणसागणिक मापाचा लागतो, चश्मा लावून तो घालता येत नाही, चश्म्याच्या नंबराची वेगळी भिंगे बसवावी लागतात. अमेरिकेत २०२४मध्ये तो ३,४९९ डॉलरला आला. ‘क्वेस्ट ३एस’ त्याच वर्षी २९९ डॉलरला. एका कुटुंबाला दहा मिनिटे घर दाखवण्यासाठी बारापट किमतीची गरज नाही. मात्र ‘३एस’मध्ये भिंगांतले अंतर तीनच ठरावीक जागांवर बदलते, तर ‘क्वेस्ट ३’मध्ये चाक फिरवून हवे तेवढे बदलता येते. प्रत्येकाच्या बाहुल्यांमधले अंतर वेगळे असते, आणि ते जुळले नाही तर चित्र धूसर दिसते. गिऱ्हाईक ‘मला काही नीट दिसत नाही’ म्हणते आणि संकोचाने हेडसेट उतरवते. विक्रेत्याने ही मापे जुळवायला शिकणे हे यंत्राच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे.

या कामात पणाला लागते ते गिऱ्हाइकाचे आयुष्यभराचे बचतीचे पैसे. आभासी गच्चीतून तुंगचा सुळका दिसतो. समोरच्या मोकळ्या जागेवर उद्या उठणारी इमारत, विजेच्या तारा आणि जूनपासून चार महिने सर्व झाकणारे धुके दिसत नाही. रेरा कायद्याचे, म्हणजे २०१६च्या स्थावर संपदा कायद्याचे बारावे कलम इथे आठवावे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका पाहून, त्यातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते, असे ते सांगते. हेडसेटमधले घर हे माहितीपत्रक आणि नमुना सदनिका यांच्या मधले आहे. म्हणून प्रामाणिक विकासकाने त्याला त्याच शिस्तीने वागवावे. खोल्यांची मापे मंजूर नकाशाप्रमाणे असावीत, खिडकीबाहेरचा देखावा त्या मजल्यावरून काढलेल्या खऱ्या छायाचित्राचा असावा, आणि दाखवलेल्या फाइलची तारीख घालून प्रत जपावी. ग्राहकानेही ती प्रत मागावी.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. काही हेडसेट, उदाहरणार्थ ‘व्हिजन प्रो’ किंवा मेटाचा बंद झालेला ‘क्वेस्ट प्रो’, नजर कुठे खिळते आहे ते मोजतात. यंत्र सोपे व्हावे म्हणून ही सोय आहे. ही मोजणी विक्रेत्याच्या हाती देणारी यंत्रणा असेल, तर माणूस स्वयंपाकघरापाशी किती थांबला आणि किमतीच्या पाटीवर किती, हे कळू शकते. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे. डोळे हा सर्वांत खासगी डेटा. यंत्र चढवण्यापूर्वी विचारणे ही साधी सभ्यता आहे.

माहितीपत्रकात नसलेला मावळ

या प्रदेशाचा एक गुण परदेशी बनावटीच्या यंत्राला सोसत नाही : पाऊस. लोणावळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला ओल येते, चिक्कीसुद्धा मऊ पडते. छायाचित्रकारांना माहीत असलेली भिंगावरची बुरशी हेडसेटच्या भिंगांवरही धरते. वापर नसेल तेव्हा ओल शोषणाऱ्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवणे हाच उपाय. ऊन त्याहून वाईट. भिंगातून सूर्यकिरण पडद्यावर एकवटतो आणि काही क्षणांत डाग पाडतो, तो कायमचा. टायगर पॉइंटच्या कठड्यावर उलटा ठेवलेला हेडसेट असाच जाऊ शकतो. अंधारही चालत नाही, कारण जागा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांना उजेड लागतो. म्हणजे हे यंत्र खोलीत, सौम्य उजेडात वापरायचे आहे.

दिवसाला पन्नास चेहऱ्यांवर चढणाऱ्या यंत्राला घाम, कुंकू, तेल, पावडर सगळे लागते. कापडी किंवा फोमची गादी इथे चालत नाही. पुसता येणारी सिलिकोनची गादी किंवा एकदा वापरून टाकायचे कागदी आवरण हवे. पट्टा ओल्या जंतुनाशक कापडाने पुसावा, भिंग मात्र कोरड्या मऊ कापडानेच, नाहीतर त्यावरचा लेप जातो. हे करायला एक माणूस नेमावा लागतो. त्या माणसाचा वर्षाचा पगार अनेकदा यंत्राच्या किमतीहून अधिक भरतो. शाळांच्या सहली हे गिऱ्हाईक असेल, तर वयाची अट पाहावी. मेटाने पालकांच्या देखरेखीखाली दहा वर्षांपासून परवानगी दिली आहे, इतर काही कंपन्यांची मर्यादा तेरा आहे. चौथीच्या मुलांपैकी पुष्कळ या अटीत बसत नाहीत. झटके येण्याचा विकार असलेल्यांना सर्वच कंपन्या सावध करतात.

यंत्राचे आयुष्य आणि मालाचे आयुष्य

आता सर्वांत खर्चिक प्रश्न. गुगलने शाळांसाठी ‘एक्सपिडिशन्स’ नावाची आभासी सहलींची योजना काढली होती. पुठ्ठ्याच्या पेटीत मोबाइल घालून मुले दूरदेशी जात. ती ३० जून २०२१ला बंद झाली. एचपीचा ‘रिव्हर्ब जी२’ हा २०२०मध्ये आलेला, कंपन्यांनी आवर्जून घेतलेला हेडसेट. तो मायक्रोसॉफ्टच्या ज्या आज्ञावलीवर चालत असे, ती विंडोज ११च्या २०२४च्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. यंत्राला काहीही न होता, संगणक अद्ययावत केल्याबरोबर ते निकामी होऊ लागले. मायक्रोसॉफ्टनेच कारखान्यांसाठी बनवलेल्या ‘होलोलेन्स २’चे उत्पादनही २०२४मध्ये थांबले. यातल्या कोणत्याही कंपनीला लहान म्हणता येणार नाही. मोठे नाव म्हणजे दीर्घ आयुष्य, हा टीव्ही-फ्रिजच्या खरेदीतला अनुभव या क्षेत्रात लागू पडत नाही.

म्हणून हेडसेट हा तीन-चार वर्षांत झिजणारा खर्च धरावा आणि त्याच हिशेबाने घ्यावा. पुरवठादाराला चार प्रश्न विचारावेत. अद्ययावत आज्ञावली किती वर्षे मिळेल, हे लेखी देता का? भारतात दुरुस्ती कुठे होते, आणि बाहेरून आणलेल्या यंत्राची हमी इथे चालते का? कंपनीचे खाते किंवा सर्व्हर बंद झाला, तर यंत्र निदान आधी भरलेला धडा दाखवेल का? आणि तुम्ही केलेली त्रिमित प्रतिकृती मूळ फाइलींसह माझ्या ताब्यात देणार का? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अनेक करारांत चित्रण करणाराच मूळ फाइली ठेवून घेतो आणि ग्राहकाकडे फक्त एका जातीच्या हेडसेटवर चालणारी आवृत्ती राहते. हेडसेट गेला की लेणेही गेले. क्रोनॉस या उद्योगसंघटनेने २०१९मध्ये ‘ओपनएक्सआर’ ही सामाईक पद्धत ठरवली आहे. तिच्यावर बांधलेला कार्यक्रम एका कंपनीच्या यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायला कमी कष्ट पडतात. करारात हा एक शब्द घालून घेतला, तरी पुढचे लाखभर रुपये वाचू शकतात.

निवड करताना मग काय करावे? तीन-चार यंत्रे भाड्याने किंवा प्रात्यक्षिकासाठी आठवडाभर मागवावीत. आपल्याच खोलीत, आपल्याच माणसांना ती घालावीत : चश्मेवाला, अंबाडा किंवा जाड वेणी घालणारी, साठीपुढचा आणि यंत्राला भिणारा. वीस मिनिटांनी विचारावे, की काय पाहिले ते सांगा. लेणे पाहून ‘भारी वाटले’ एवढेच उत्तर आले तर खेळणे झाले. ‘खांबांच्या मागे वाट आहे हे मला माहीत नव्हते’ असे उत्तर आले, तर त्या यंत्राने काम केले. कामगाराने हेडसेट उतरवून खऱ्या पॅनेलवर तोच क्रम न चुकता करून दाखवला, तर त्या यंत्राने काम केले. ही कसोटी विक्रेता देत नाही. ती आपली आपण लावायची.

मळवलीच्या छापखान्यातली जर्मनीहून आलेली अवजड यंत्रे आज कोणाच्या उपयोगाची नाहीत. १९७२मध्ये आगीत छापखानाही गेला. त्याच्या चित्रांतली लक्ष्मी आणि सरस्वती मात्र आजही दिनदर्शिकांवर आणि दुकानांच्या गल्ल्यांमागे आहेत. त्या चित्रांमागची मूळ रेखा भक्कम होती, म्हणून ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर जात राहिली. कार्ल्याच्या लेखात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे सांगतो. त्या दाव्याची शहानिशा आपण आजही वर जाऊन करू शकतो. मावळातल्या ज्या व्यावसायिकाकडे हेडसेटसाठी दोन रुपये असतील, त्याने त्यातला दीड रुपया नेमक्या, परवानगीने केलेल्या आणि आपल्या ताब्यात राहणाऱ्या चित्रणावर खर्चावा. उरलेल्या आठ आण्यांत जे यंत्र आज मिळेल ते पुष्कळ आहे, आणि चार वर्षांनी ते बदलताना फारसे दुःख होणार नाही.